बारा दिवसांचं

मानेवाड्यात लाइन गेली ती साडेदहाला.
कूलर थांबला, आणि मी आधी फ्रिजकडे पळाले.
दुधाकडे नाही.
दाराच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्यामागे
कुप्यांचा डबा:
हेमराजच्या पीएफमधून काढलेले पैसे,
धंतोलीच्या मॅडमनी दिलेली तारीख,
दोन ते आठ अंशांत ठेवा, असा कागद.
बाहेर सेहेचाळीस.

दुपारी ओढणीत गुंडाळून गभणे डेअरीत.
त्यांच्याकडे जनरेटर आहे.
काय आहे, म्हणाले.
इन्सुलिन, म्हणाले मी. आईचं.
आई चंद्रपूरला, धडधाकट,
दर फोनला विचारणारी, काही विशेष?

गभण्यांनी श्रीखंडाचे डबे सरकवले.
वर नको, गोठते,
अन् गोठलं का गेलं बाप्पा.
खाली ताकाच्या पिशव्यांजवळ ठेवलं,
जुन्या बिलामागे नाव लिहून चिकटवलं.
माझं. आईचं नाही.

रोज रात्री नऊला एक दिवसापुरतं घेऊन यायची.
हेमराज कोपरापर्यंत हात धुवायचा,
बेंबीपासून दोन बोटं सोडून
पोट चिमटीत धरायचा
आणि सुई टोचताना डोळे तोच मिटायचा.
आज डावीकडे, उद्या उजवीकडे.
लाइन तर त्याच संध्याकाळी आली होती.
डबा तरी तिथेच राहू दिला मी,
का, ते नाही सांगता येत.

नवव्या रात्री गिऱ्हाईक नव्हतं.
मठ्ठा मापता मापता, वर न बघता गभणे म्हणाले,
बाराच दिवसांचं असते न हे?
मी सुट्टे पैसे शोधू लागले.
इन्सुलिन जन्माचं असतं.
आमच्या हिलेही तीनदा होतं, म्हणाले,
आणि पिशवीला गाठ मारली.
आतल्या खोलीत काकू दह्याच्या मडक्यांवर फडकी बांधत होत्या.
मी भिंत धुंडाळली:
एखादा शाळेचा फोटो, पेन्सिलीच्या रेघोट्या,
उंबऱ्याशी लहान चप्पल.
कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचे खाडे.
विचारलं नाही.

तेराव्या रात्री आणायला काही नव्हतं.
शेवटचं इंजेक्शन आदल्याच रात्री झालेलं,
सकाळी सातला उपाशीपोटी धंतोली, भूल, बीजं काढायची.
नऊ वाजले तशी उठलेच मी.
आता कुठी जाऊन राहिली? हेमराज म्हणाला.
दही संपलं.
दही होतं.

ताकाशेजारचा कप्पा गभण्यांनी मोकळाच ठेवला होता,
चिठ्ठी ओलसर, शाई उतरलेली,
नावाचं पहिलं अक्षर तेवढं वाचता येई.
काढू का आता, म्हणाले.
राहू दे, म्हणाले मी.