तिसऱ्या खिळ्याजवळ

टोफ्टेसाहेब,
तुमचे अकरा प्रश्न पोचले.
बारावा तुम्ही लिहून खोडला असावा,
तरी मला तो दिसला:
बाई, तुझ्यावर विश्वास का ठेवू?

विस्कॉन्सिनला, दुधाच्या मुलखात राहता,
दूध काढायची यंत्रं दुरुस्त करता,
आणि दुधानंच तोंड पोळलंय म्हणता.
गेल्या वर्षी कुणीतरी
'अस्सल शिंग, हातानं घडवलेलं' म्हणत
प्लास्टिकची मूठ गळ्यात मारली.
तापली सुई टेकवली तर
खेळण्यांच्या दुकानासारखा वास आला.
शिंगाला केस जळल्याचा वास येतो.
ते मला नका सांगू,
पत्तादात, या गल्लीत,
माझं अख्खं बालपण त्याच वासात गेलं.

गल्लीत आता एकच भट्टी उरलीय, बाकिसिओची.
महिन्याला तीन चाकू करतो.
चौथा मागितला की दार लावून घेतो.
संगणकाला त्याचा लांबूनच नमस्कार.
तो घडवतो, मी सांगते.
सांगणं हेही हातकामच.

फोटो उत्तरेच्या खिडकीत काढते, दिवा न लावता.
दिवा खोटं बोलत नाही,
गोड बोलतो.
एक उघडा, एक मिटलेला,
एक वरून: पातं मधोमध बसतं की कलतं,
तुमचा पाचवा प्रश्न.
कलतं. अर्ध्या तांदळाएवढं, डावीकडे.
बाकिसिओ म्हणाला, माणूस तरी कुठे सरळ झोपतो?
हे तुम्हाला पटावं असं नाही,
म्हणून वीस युरो कमी केलेत.

उघडतानाचा आवाज वेगळा पाठवलाय.
'खट्' ऐकू येणार नाही,
या चाकूला कुलूप नसतं.
पातं घट्ट उभं राहतं,
बोटं आपली आपण जपायची.

चौथ्या फोटोच्या कडेला अंगठा आलाय, पट्टीचा.
कापून टाकणार होते, मग राहू दिला.
पट्टीखाली आहे ते याच पात्याचं काम.
सातव्या प्रश्नाचं उत्तर तेच समजा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते.
तिसऱ्या खिळ्याजवळ, शिंगात, केसाएवढी रेघ आहे.
फोटोत येत नाही, नऊदा पाहिलं.
मेंढा कधीतरी कुणाशी भिडला असेल.
नखाला लागते.
वाढेल का, ठाऊक नाही.
वाढली तर बाकिसिओ असेतोवर मूठ बदलून मिळेल.
त्यानंतरचं वचन मी देत नाही.

चौदा दिवस ठेवा.
चीज कापा, सफरचंद, दोर, काय ते.
लिंबू कापलंत तर लगेच पुसा;
पोलाद काळं पडेल, ती तक्रार धरणार नाही.
नको वाटला तर परत पाठवा,
टपालखर्च माझा,
कारण लिहू नका.

गाविना देइआना


तीन आठवड्यांनी तुमच्या तीन ओळी:
चाकू पोचला.
भिंग घेऊन शोधलं, रेघ नाही.
दुसराच तर पाठवला नाहीत ना?

मी फोटो जोडले, वजन लिहिलं,
पावती शोधत होते,
तेवढ्यात दुसरं पत्र:
काल रात्री वीज गेली.
गोठ्यातून परतताना हात खिशात होता.
सापडली.

खाली सहीसुद्धा नाही.

बाकिसिओला वाचून दाखवलं.
त्यानं निखारे सारखे करत विचारलं,
पैसे परत मागतोय?
नाही.
मग दुसरा हवाय?
तेही नाही.

बराच वेळ तो पक्कड हातात धरून उभा.
मग पत्र कशाला लिहिलं त्यानं?