एकवीस-सतरा

शाळेत नाव घालताना भोयर गुरुजींनी विचारलं,
पोरीची जन्मतारीख?
बाबा म्हणाले, डिझेल एकवीस-सतरा होतं.
गुरुजी हसले अन् एक जुलै टाकून मोकळे झाले,
अर्ध्या वर्गाची टाकली होती तशी.

बाबांची वही बियाणं कंपनीची, फुकटातली,
पुठ्ठ्यावर पऱ्हाटीचं फुटलेलं बोंड.
ट्रॅक्सच्या काचेवर रबरात अडकवलेली.
डावीकडे किलोमीटर, मधे लिटर,
उजवीकडे भाव, पैशापर्यंत.
तारखेचा रकानाच नाही.
आईचं नाव नाही, माझं नाही.

पण विचारून पाहा.
लग्न? नऊ-चव्वेचाळीस.
बुढीच्या डोळ्याचं आपरेशन?
तीस-पंचवीस. पंप कोरडा होता, घाटंजीवरून कॅनमधी आणलं.
अन् कवडूनं नेलेले पाचशे?
बावन्न-दहा. अजून देऊन राह्यला.

उतारावर गाडी न्यूट्रल करायचे
आणि सगळी ट्रॅक्स,
चौदा सिटा, दोन बकऱ्या, मागं लटकलेला पोट्टा,
चूप बसायची.
जसं काही बोललं तर डिझेल जळते.
टाकीचा काटा कधीचा मेलेला.
निंबाची काडी आत घालून
ओल कुठवर चढली ते बोटांनी मोजायचे,
मग काडी हुंगून खिशात.

भाव वाढला की फाट्यावर शालिकच्या टपरीशी
सगळे ड्रायव्हर जमायचे.
दोन रुपये वाढवू सिटामागं.
तू वाढव पहिले.
मीच काऊन?
तेवढ्यात यष्टी दिसायची,
सिटा तिकडं पळायच्या,
बैठक उभ्याउभ्याच मोडायची.

कालेजात गेल्यावर मी वही उलटी चाळली,
मला माझा खरा दिवस पाहिजे होता.
एकवीस-सतरा सापडला:
एकोणीस ओळी, एकाखाली एक.
तेव्हा भाव आठवडेच्या आठवडे हलत नसे.
एका ओळीत मात्र किलोमीटर जास्तीचे,
यवतमाळला जाऊन आल्याइतके.
लिटरच्या जागी काहीच लिहिलेलं नाही.
मी त्या ओळीखाली पेन्सिलनं बारीक रेघ मारली.
बाबांना सांगितलं नाही.

मग भाव रोज सकाळी सहाला बदलू लागला.
बाबा पावणेसहाला पंपावर.
रातपाळीचा नीळकंठ डोळे चोळत म्हणायचा,
काका, बिगीबिगी, सात मिनिटं हायेत जुन्या भावाची.
त्या वर्षांतलं आमच्या घरात काही हरवलं नाही.
बुढी गेली ती बहात्तर-एकसष्टला.
आदल्या दिवशी अठ्ठेचाळीस पैसे, दुसऱ्या दिवशी ऐंशी,
मधे ती. कोणाला शंका नाही.

आणि मग भाव थांबला.
शंभराच्या अलीकडे येऊन बसला, उठेचना.
बाबांनी खाली टिकल्या द्यायला सुरुवात केली,
वरच्यासारखंच, वरच्यासारखंच,
पानं भरली टिकल्यांनी.
त्याच टिकल्यांत कुठंतरी ट्रॅक्स विकली.
नेमकी कधी, ते त्यांना सांगता येत नाही.
आई म्हणते पोळ्यानंतर. ते म्हणतात, असंल.

माझी मुलगी झाली तेव्हा पहाट होती.
फोनवर मी म्हटलं, बाबा, पोरगी.
ते म्हणाले, थांब.
आणि फोन तसाच चालू ठेवून चपला घातल्या.
मला कुत्रं भुंकल्याचं ऐकू आलं,
मग मुरमाचा रस्ता, बराच वेळ,
मग नीळकंठ:
काका, गाडी कुठी हाये? किती टाकू?
काही नको टाकू. बोर्डावरचा लाइट लाव.

भाव कालचाच होता.
परवाचाही तोच.
तरी त्यांनी टिकल्या दिल्या नाहीत,
आई सांगते,
पूर्ण लिहिला, रुपये अन् पैसे,
आणि पेन टोपण न लावता
तसंच धरून बसले.