ताबा

कस्टडी या शब्दाखाली
मी पेन्सिलीने रेघ मारते आणि थांबते.
अकरा वर्षं झाली शिवाजीनगर कोर्टात भाषांतर करतेय,
दर वेळी इथेच थांबते.

पोलिसांची असेल तर कोठडी.
न्यायालयाची असली तरी कोठडीच,
फक्त संध्याकाळी येरवड्याची गाडी येते
आणि जाळीतून दोन बोटं बाहेर काढून
कुणीतरी फाटकापाशी उभ्या बाईला दाखवतं :
आहे, मी आहे.

वस्तूंची असेल तर मुद्देमाल.
घोटवडेकरांच्या खोलीत दोन हजार सातपासून
एक लेडीज सायकल उभी आहे,
हँडलला लाखेचं सील, दोन्ही चाकं बसलेली.
चोर सुटला. मालकीण न्यायला आली नाही.
"सांभाळलीय बघा," म्हणत घोटवडेकर घंटी दाबतात.
घंटी गंजलीय, पण ते दाबतात.

आणि पोराची असेल तर ताबा.
बिल्डर फ्लॅटचा देतो, तोच.
बोलता बोलता जिभेवरचा सुटतो, तोही तोच.

काल फॅमिली कोर्टाच्या बाकावर
सात वर्षांची एक मुलगी बसली होती.
केसांत एकाच बाजूला क्लिप,
दुसरी बहुधा दुसऱ्या घरी.
कागदात तिला 'अज्ञान' लिहायचं असतं,
म्हणजे अठराच्या आतली.
समुपदेशक बाईंनी विचारलं, कोणाकडे राहायचंय गं?
ती म्हणाली, आईकडे माझं दप्तर आहे.
बाबांकडे मासा आहे.
सोमवार ते शुक्रवार तो एकटा असतो.

कडे.
व्याकरणाच्या बाई सांगायच्या, शब्दयोगी आहे,
कुणाला तरी धरून चालतं, एकटं उभं राहत नाही.
घरी जाताना संचेती पुलावर सिग्नलला
स्कूटर बंद करून मी तेच घोळवत राहिले,
कडी, कडे,
मग एकदम कडेवर.
मागच्यांनी हॉर्न वाजवले.

आज सकाळी मसुद्याच्या समासात
पेन्सिलीने लिहून पाहिलं :
'अज्ञान मुलगी हिला आईने
कडेवर घ्यावे, असा हुकूम.'
मग खोडलं. नीट खोडलं नाही गेलं.

टाईप केलं ताबा, नेहमीसारखं.
तीन प्रती, प्रत्येक पानावर सही.

माशाचा उल्लेख मूळ अर्जात नव्हता.