अर्धी चालते

इमिझूच्या बंदराजवळ, पत्र्याच्या कुंपणाआड
मी गाड्यांच्या मरणाचे कागद करते.
इथे गाडी नवी घेतानाच
तिच्या शेवटाचे पैसे भरून ठेवायचे असतात:
एसीतला वायू, एअरबॅगा,
आणि सगळं संपल्यावर उरणारा चुरा.
तिघांचा हिशोब वेगळा.
पावती डॅशबोर्डच्या खणात सतरा-सतरा वर्षं पडून राहते,
कुणी उघडून बघत नाही.

गाडी अख्खी परदेशी गेली
तर ते पैसे परत मिळतात.
मरेल तीही कधीतरी,
पण आमच्या वहीत नाही.

नाकादेबाई आल्या तेव्हा बर्फ भुरभुरत होता.
नवऱ्याची पांढरी स्टेशन वॅगन,
मागे अजून मासळीचा वास, गळाच्या दोऱ्याचं गुंतवळ.
त्यांनी शिक्का उमटवला, नीट, चौकटीच्या आत.
मग गाडीत वाकून
टोलचं कार्ड काढून घेतलं.
"एवढं ठेवलं तर चालेल?"
चालेल, म्हटलं.
कार्डाचा रकाना माझ्या कागदावर नाही.

"कुठे जाईल ही?"

काय सांगू?
केनियाला आठ वर्षांपलीकडची नको.
नॉर्वेत मोडीत दिली तर उलट मालकाच्याच हातावर पैसे पडतात,
पण त्यासाठी गाडी नॉर्वेतलीच लागते.
युरोपात म्हणे
जी कंपनी बनवते तिनेच शेवटी फुकट परत घ्यायची,
माहेरी आणून सोडल्यासारखी.
आणि क्लांगच्या धक्क्यावर
एवढी जुनी गाडी उतरूच देत नाहीत.
पण मधून कापली
की ती गाडी राहत नाही. सुटे भाग होते.
अख्खी चालत नाही,
अर्धी चालते.

यातलं काही बोलले नाही मी.
"दक्षिणेला," म्हटलं, "उबेत."
"बरं झालं," त्या म्हणाल्या,
"थंडीत त्यांचे गुडघे धरायचे."

त्या बसथांब्यापर्यंत पोचल्या असतील नसतील,
रियासतभाईंनी एअरबॅगा फोडल्या.
तीस वर्षं इथे आहेत ते, खोकतातसुद्धा जपानीत,
पण मोजमाप अजून पंजाबीत पुटपुटतात.
पुढच्या सीटांच्या मागून खडूची रेघ मारली.
आरशाला लटकलेला देवळातला ताईत सोडवून
चहाच्या कपाटावर ठेवला,
तिथे असे चाळीसेक आहेत.
मग करवत.

मागचा अर्धा इथेच राहिला.
लोखंड चुंबकाला चिकटलं, काच खाली गळली,
मासळीचा वास कुठल्या ढिगात गेला
याची नोंद होत नाही.
मी बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत उमटलं:
प्रक्रिया पूर्ण.
पैसे अर्थात परत नाहीत.
कापून गेलेली गाडी परदेशी गेली असं धरत नाहीत.

सात आठवड्यांनी क्लांगहून लेचुमननचा व्हिडिओ आला.
टायरांच्या चळतीवर ठेवलेला पुढचा अर्धा,
चाकं नाहीत, मागे थेट रस्ता दिसतोय,
एक कोंबडी सीटखालून आरपार गेली.
त्याने बॅटरीला तारा लावल्या,
इंजिन दोनदा कण्हलं आणि लागलं.
आणि एक बाई बोलली,
आमच्या बँकेतल्या मुलीसारखी, अदबीने.

"अक्का, ही काय म्हणते?
चालू केलं की दर वेळी तेच. काही बिघडलंय का?"

मी तीनदा ऐकलं.
दुसऱ्या वेळी खिडकी लावून घेतली.

कार्ड घातलेलं नाही, म्हणते ती.
कार्ड घातलेलं नाही.

लिहिलं: टोलचं यंत्र आहे ते. बिघाड नाही.
तार तोड, असंही लिहिलं होतं,
ते पुसलं.

बराच वेळ काही आलं नाही.
मग आलं:
गिऱ्हाईक इथे उभं आहे, अक्का.
विचारतंय, इंजिनाचे ठीक,
पण बाईचे वेगळे पडतील का?