खांबावरून

आर्विड लेहतिनेन डुलुथमधल्या उतारावरच्या गल्ल्या
खांबांवरून ओळखतो.
चाळीस वर्षं चढतोय.
शर्टावरचं कंपनीचं नाव पाचदा बदललं,
शर्ट तसाच, काखेत काचणारा.

त्र्याऐंशी साली काम सोपं होतं.
छपरावरचा अँटेना उतरवायचा,
भिंतीला पेन्सिलीएवढं भोक पाडायचं,
तार आत सोडायची.
आत मुलं मांडी घालून बसलेली,
जणू तारेतून पाहुणे यायचेत.
उतरवलेल्या प्रत्येक अँटेन्यामागे
कंपनी दोन डॉलर वरकड द्यायची,
घरातल्यांना परतीची वाट राहू नये म्हणून.

आता तो तार कापायला येतो.
लोक दारातच कारणं सांगतात, न विचारता.
महाग झालं.
मुलं फोनवरच बघतात.
हे गेले, आता हॉकी कोण बघणार.
कापण्याआधी तीन सवलती वाचून दाखवायच्या,
असा वरून कागद आलाय.
तो खांबावर चढून वाचतो.
कावळा ऐकतो.

मिसेस नीगार्डनी मागच्या वर्षीच तोडली होती.
परवा त्यांनी बोटं मोडून हिशेब मांडला:
बातम्यांचं एक, जुन्या सिनेमांचं एक,
हॉकीचं, म्हणजे अर्ध्याच सामन्यांचं, एक,
एक कशाला घेतलं ते आठवत नाही,
नातवाचा पासवर्ड होता, तोही बंद पाडला मेल्यांनी.
बेरीज तारेएवढीच.
वर तीन डॉलर.
"आणि जाहिराती?"
"आल्या की परत," त्या म्हणाल्या,
माहेरी परतलेल्या नणंदेबद्दल बोलावं तशा.

आर्विडच्या शेडमागे तेव्हाचे अँटेने पडून आहेत.
कंपनीने मोजले, पैसे दिले,
न्यायला कुणी आलं नाही.
बायको होती तोवर
त्यांच्यावर घेवड्याचे वेल चढायचे.

रविवारी, कंपनीचा शर्ट न घालता,
त्याने त्यातला एक गाडीत टाकला.
नीगार्डांच्या छपरावर जुन्या खिळ्यांची भोकं
अजून होती. त्याचीच.
खालून त्या ओरडत राहिल्या,
अजून डावीकडे, अजून, हां, नाही, गेलं.
पाच चॅनेल लागले. फुकट.
सहावा सरोवरावरचा वारा पडला की लागतो
आणि मध्येच बातमी अर्धी टाकून जातो.

एका दांडीला शेंग राहिली होती, वाळकी.
आर्विडने ती पाहिली
आणि शिडी उतरायला लागला.