बाही

तुर्कू, फेब्रुवारी. औरा नदी गोठलेली.
अइली नीमेलाचा डावा हात
नऊ वर्षं फुगत आलाय,
काखेतल्या गाठी कॅन्सरबरोबर काढल्या तेव्हापासून.
स्वेटर ती स्वतः विणते.
डावी बाही बावीस टाके जास्त.

मी सुया मोजणारी. दिवा सरकवला.
जांघेच्या घडीखाली यंत्र टिकटिकलं:
या गाठी पायाच्या, यांना हात लावायचा नाही.
हाताची सूज उतरवून पायावर चढवायची,
असला व्यवहार नको, डॉक्टर हार्यू म्हणाल्या.
घडीच्या वर, बाहेरच्या अंगाला,
पोटाकडून आलेला रंग हिरवा उजळला.
तिथल्या तीन.
वालाच्या दाण्याएवढ्या, पिवळ्या चरबीत,
आपापली रोहिणी, आपापली शीर धरून.

काखेतला जुना व्रण सोलायला दोन तास.
मग भिंगाखाली, केसाहून बारीक दोरा,
रोहिणीला रोहिणी, शिरेला शीर.
चिमटा सुटला. पांढुरकी पडलेली चरबी
थंडीतून घरात आलेल्या गालासारखी
गुलाबी झाली.

आणि लसिकेच्या वाटा?
त्या कोण शिवणार! दिसल्या तर पाहिजेत.
त्या आपल्या आपण शोधतात.
शोधल्या तर.

एकवीस सुया दिल्या होत्या. एकवीस आल्या.

जूनमध्ये अइली तपासणीला आली.
मनगटाच्या वर दीड सेंटीमीटर कमी.
"टेप घट्ट ओढलीत तुम्ही," ती म्हणाली.
पिशवीतून अर्धा स्वेटर काढला,
डाव्या बाहीचे टाके मोजले,
दोन उसवले,
मग एक परत घातला.