व्यत्यय

एकशे बारा कॅसेटी. पाठीवर ह्यांचं अक्षर,
मालिका, भाग, तारीख,
खाली लाल शाईत: पुसू नये.

जाहिरात लागली की बोट पॉजवर,
घास तसाच हातात.

माहीमची खारी हवा; फितीवर पांढरी बुरशी.
लॅमिंग्टन रोडचा होमी हेड पुसून देतो,
म्हणतो, बाई, आता पार्ट नाय मिळत.

काल चौऱ्याऐंशी नंबरची लावली.
नायिका दार उघडायला उठते, आणि
पाटी: व्यत्ययाबद्दल क्षमस्व.
अकरा मिनिटं नुसती पाटी,
सतारीचा तोच तुकडा फिरून फिरून.
मग फीत संपते.

ह्यांनी पॉज दाबलंच नव्हतं.
मी आत, कपाटाची कड धरून,
कळा मोजत उभी.

दारात कोण होतं, अजून माहीत नाही.
लेबलावर: भाग सात, अपुरा.
पुसू नये,
दोनदा अधोरेखित.